चौथा पट

बाबा, तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. मला अजून तुमची बोटं दिसतात. क्लबातल्या टेनिसच्या मैदानावर रेघा ओढून घरी यायचात तेव्हा नखांत चुना बसलेला असायचा. अमरावतीच्या साहेबांचं आणि वकिलांचं ते मैदान तुमच्या हाताखाली होतं, आणि तिथली जुनी वर्तमानपत्रं तुम्ही भाजी बांधायला आणायचात. त्या कागदांवरच मी वाचायला शिकले. आई म्हणायची, "पोरगी वांग्याइतंच कागदं निवडून राहिली." लग्न होऊन बार्शीटाकळीला गेले तरी तुम्ही माझ्यासाठी कागदांचा गठ्ठा बाजूला ठेवायचात.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आदल्या हिवाळ्यात हे मला न्यायला माहेरी आले होते. तुम्ही चुलीपाशी बसलात आणि क्लबातून ऐकून आलेला शब्द सांगितलात, ग्रँड स्लॅम. "पत्त्यांत तेराच्या तेरा हात आपल्याकडं. पण पयले बोलून दाखवा लागते. एक हात जरी गेला तं सारा डाव बुडाला." मग म्हणालात, टेनिसमध्येही तो असतो, कुण्या अमेरिकनानं एकाच साली चार देशांतले सामने मारले. यांनी विचारलं, "मामाजी, आपल्या पटात नसते का असं?" हे धुरकरी होते. शंकरपटात छकड्यावर उभं राहून बैलजोडी पळवायचे. तुम्ही यांच्याकडे पाहिलंत आणि बोटांवर त्या हंगामातले मोठे पट मोजलेत, बरोबर चार. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

चांदूर बाजारच्या पटात जोडी पहिली आली. यांना फेटा बांधला, आणि तुम्ही गर्दीत उभं राहून पानाचा विडा उचललात. "यंदा चारही पट माह्या जवायाचे!" लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "माळीबुवा, बैलाले तं इचारा." दुसरा पट जिंकला, तिसराही जिंकला. आता कुणी हसत नव्हतं. बाजारात लोक यांना वाट करून देत आणि मागे कुजबुजत. मला ती कुजबुज आवडत नव्हती, आणि आवडतही होती.

चौथा पट अकोल्याला, मोर्णेच्या काठी, चैत्रात होता. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या. भेगा मातीनं बुजवल्या होत्या, पण वरून चालताना जमीन पोकळ वाजायची. आदल्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आलात. मी उजव्या बैलाच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "बाबा, पाय गरम लागून राहिला." तुम्हीही हात लावलात. हात धोतराला पुसलात. मग म्हणालात, "बोललेला डाव मांगं घेता येत नाही, बाई." हे गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तू काय म्हणतं?"

पुढचं तुम्ही पाहिलंत. मी बायकांच्या बाजूला होते. निम्म्या वाटेवर उजव्या बैलाचा पाय भेगेत गेला, छकडा उलटला आणि मागून धूळ आली. धूळ बसेपर्यंत कुणीच ओरडलं नाही. मला अजून त्या न ओरडण्याची भीती वाटते.

त्यानंतर तुम्ही तो शब्द कधी उच्चारला नाहीत. क्लबातलं काम सोडलंत. दर चैत्रात माझ्याकडे येऊन ओट्यावर बसायचात आणि एकच सांगायचात, "माह्या जिभेनं गेला जवाई." मी तुमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचे. "नाही बाबा," असं मी कधीच म्हणाले नाही.

पुढे मी वाचत राहिले. अमेरिकेतल्या एका चेंडूच्या खेळातही हा शब्द आहे. तीन ठाण्यांवर तीन गडी थांबलेले असतात, चौथा असा फटका मारतो की चौघंही घरी परत येतात. त्या ओळीवर मी फार वेळ थांबले होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या जुन्या गठ्ठ्यातच ठेवणार आहे, त्यातल्या एका कागदाशेजारी. तुम्हाला वाचता येत नव्हतं; तो कागद तुम्ही मला तिसऱ्या पटानंतर तसाच आणून दिला होता. टेनिसच्या त्या चार सामन्यांविषयी त्यात सगळं लिहिलं आहे. तिथे आधी काही बोलून दाखवावं लागत नाही. चौथा हरला तरी जिंकलेले तीन आपलेच राहतात, काही बुडत नाही. तुम्ही पत्त्यांचा नियम पटाला लावून बसला होतात.

तो कागद मी चौथ्या पटाच्या चार दिवस आधी वाचला होता. गोठ्यात तुम्ही डावाचं बोललात तेव्हा तो माझ्या डोक्यात होता. यांनी विचारलं तेव्हाही होता. मी यांना म्हणाले, "जा." मलाही चौथा फेटा पाहिजे होता.