बंद जहाजाची तार

बाबा, गावात तुम्हाला बोटीवरचे म्हणायचे, आणि मला त्याचाच राग यायचा. नागपूरला समुद्राचा पत्ता नाही, आणि माझा बाप बारा वर्षं समुद्रावर. परतून नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामात ट्रकची इंजिनं दुरुस्त करू लागलात, तरी माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता. एकाहत्तरच्या लढाईच्या तोंडावर तुम्ही सांगितलंत, मुंबईच्या गोदीत राखीव म्हणून बांधून ठेवलेलं तुमचं जुनं मालवाहू जहाज फौजेचं सामान न्यायला पुन्हा चालू करताहेत. त्याचा बॉयलर ओळखणारी माणसं हवीत, तार आली की निघायचं. मी अठरा वर्षांची, महाशहाणी. इतकी वर्षं गंजलेलं जहाज कोणी चालू करतं का? आत्या म्हणायची, बोटीवरच्या माणसाचं बंदराबंदरात घर असतं. त्यात तुम्ही दोन नवे बनियन आणलेत, रोज दाढी करू लागलात. झालं, मुंबईत तुमची दुसरी बाई आहे, अशी माझी खात्रीच पटली.

तार दुपारी आली. तुम्ही कामावर, आई दळण आणायला गेलेली. सही मीच केली. जहाज तयार, ताबडतोब निघा, आणि खाली नुसतं एक आडनाव. बाई नाव लपवतेय, असं ठरवून मी तार शेगडीत घातली. तुम्ही रोज पोस्टात खेटे घालत होता आणि मी मनात म्हणत होते, करा नाटक. लढाई संपली तेव्हा भरलेली ट्रंक तुम्ही स्वतःच रिकामी केलीत.

उन्हाळ्यात तुमचा बोटीवरचा जोडीदार नरखेडहून आला. जहाज खरंच गेलं होतं, तुमच्यावाचून. मी चहा घेऊन उभी होते.

"तार केली होती. काहून नाही आला गा तू?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चहा त्याच्यापुढे ठेवायचाच विसरले.

"भेटली होती तार," तुम्ही म्हणालात. "मलेच भेव वाटला."

तुम्हाला कसं कळलं? पोस्टमनला विचारलंत, की माझं तोंड पाहूनच ओळखलंत? संशय घ्यायची खोड अजून गेली नाही माझी. विचारायला तुम्ही नाही, कागद धाडायचा नाही, म्हणून तर हे लिहायला धजतेय.

तो जोडीदार पुन्हा आला तो तुमच्या तेरवीलाच. पंगतीत शेजारच्याला सांगत होता, माणूस लाखाचा, पण ऐन लढाईत कचरला. मी वाढत होते. मी त्याला भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेले.