फिरकीचा तांब्या आणि लिमरिकची गाडी

अण्णा,

तुमचा फिरकीचा तांब्या शाबूत आहे, एवढं आधी सांगून टाकतो. आटे झिजलेत, थोडा गळतो, पण आहे. आईला मी इकडे आणलं तेव्हा तिने तो लुगड्यात गुंडाळून अकोल्याहून थेट वॉटरफोर्डला आणला. विमानतळावरच्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि शेवटी हार मानून परत दिला. इथल्या नळाचं पाणी चांगलं असतं हे आईला पटलंय. प्लॅस्टिकच्या बाटलीला मात्र ती तोंड लावत नाही.

तर परवा आम्ही मायलेक युरोप बघायला निघालो. कल्पना तुमच्या नातीची. ती कॉलेजच्या सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून अर्धा युरोप पालथा घालून आली, आणि आजीनेही थोडा बघायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. ते ती इंग्रजीत म्हणाली, आजीला मराठीत कळलं, दोघींचं असंच चालतं. अडचण एवढीच, की आईचा व्हिसा आयर्लंडचा. त्यावर पॅरिस मिळत नाही. युरोपात राहून युरोपात जायला वेगळा अर्ज करावा लागतो, हे ऐकून तुम्ही खूष झाला असतात. सरकारी कचेऱ्यांविषयीची तुमची सगळी मतं खरी ठरली असती. तेव्हा आमचा युरोप वॉटरफोर्डला सुरू होऊन गॉलवेला संपणार होता, मध्ये दोनदा गाडी बदलून. माझ्या पन्नाशीच्या पाठीवर नातीची जांभळी पिशवी. आईच्या नऊवारीवर माझं जाड जॅकेट, डोक्याला माकडटोपी, पायात नातीचे धावायचे बूट. फलाटावर कुणीही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. इतकी ही माणसं सभ्य आहेत.

आईचं एक तुम्हाला सांगायला हवं. ती विसरते. चष्मा, वार, मीठ हे तर आहेच, पण संध्याकाळी खिडकीशी उभी राहून विचारते, "हे आले नाही का अजून?" मी औषधांच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच मला येतं. म्हणून मी सांगतो, आई, अण्णांना जाऊन किती वर्षं झाली. दर वेळी ती बातमी तिला नवी असते. दर वेळी ती पदर तोंडाशी धरून बसते, आणि मी भांडी घासायला निघून जातो.

पहिल्या गाडीत फारसं काही बिघडलं नाही. संडासाचं दार बटणावर चालणारं, ते आईने आतून कसं उघडलं कुणास ठाऊक. मी बाहेर दोन्ही हात पसरून पडद्यासारखा उभा राहिलो, आणि एका बाईंनी मला काही मदत हवी का विचारलं. मग लिमरिक जंक्शन आलं; लिमरिक शहर तिथून अजून पुढे. आम्ही उतरून लिमरिकच्या गाडीत बसलो. गाडी उभी होती, निवांत. आईने तांब्या पुढे केला. "गाडी थांबून आहे तं पाणी घेऊन ये."

आणि अण्णा, मी उतरलो. इतकी वर्षं इथे राहून उतरलो. चहाच्या दुकानातल्या मुलीने तांब्या भरून दिला, मी फिरकी घट्ट करत बाहेर आलो, तर दारं मिटलेली. ना शिट्टी, ना झेंडा, ना तो पहिला धक्का. आपली गाडी सुटताना रांगते, माणसाला पळायला, दांडा धरायला वेळ देते. ही देत नाही. दाराचं बटण मी दाबत राहिलो. खिडकीत आई समोर बघत बसलेली, माझ्याकडे पाहिलंच नाही. तिच्या शेजारी जांभळी पिशवी, पिशवीत माझा फोन, पाकीट, तिकिटं, तिच्या गोळ्या. इंग्रजीचा एक शब्द न येणारी, मधूनच आपण कुठे आहोत ते विसरणारी माझी आई लिमरिकला निघाली, आणि माझ्या हातात तांब्या.

भुसावळ आठवलं. नाशिकला मामाकडे निघालोय. तुम्ही हाच तांब्या घेऊन उतरलात, गाडीने शिट्टी दिली, तुमचा पत्ता नाही. मी खिडकीचे गज धरून भोकाड पसरलंय. आई शांतपणे दशम्या सोडते आहे. गाडी हलते, वेग घेते, आणि मग तुम्ही भलत्याच डब्यातून, लोकांच्या ट्रंका ओलांडत येता. आई म्हणते, कुठी होते इतका येळ. तुम्ही म्हणता, नळावर गर्दी होती. दर प्रवासात हेच. मग माझ्याकडे वळून: "रडून काय राहिला? गाडी काय आपल्याले सोडून जाते?"

जाते, अण्णा.

पिवळ्या जाकिटातली एक बाई फलाटावर होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शी'ल बी ग्रँड." या देशात वादळापासून हृदयविकारापर्यंत सगळं ग्रँडच, म्हणजे ठीकच, असतं. आईला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर म्हणाली, माझ्या आईला येतं, पण ती तरी कुठे ऐकते कुणाचं. मग तिने लिमरिकला फोन केला. तिकडे तिकिटं बघायच्या फाटकावरचा 'युअर मॅन' लक्ष ठेवेल म्हणाली. इथे कुठल्याही परक्या पुरुषाला असं तुमचा माणूस म्हणतात. त्या घटकेला मला तेवढाच माणूस होता.

पुढच्या गाडीत मी तांब्या मांडीवर घेऊन बसलो. तो गळत होता. आई उतरली असेल का, उतरून कुठे चालू लागली असेल, तुम्हाला शोधायला तर निघाली नसेल, यातलं मला काहीच थांबवता येत नव्हतं. गळणंसुद्धा. लिमरिकला उतरलो तेव्हा विजार अशा जागी भिजली होती की पाहणाऱ्याने एकच अर्थ काढावा.

ती बाकावर बसली होती. सगळे उतरले म्हणून तीही उतरली असणार. पिशवी मांडीवर, शेजारी न प्यायलेला चहा, पलीकडे युअर मॅन अदबीने उभा. तिने मला येताना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कुठी होते इतका येळ? पोट्टे रडून राहिले ना तहानेनं."

तिच्या आसपास कुठेही मूल नव्हतं. दुरुस्ती माझ्या जिभेवर आली. आई, मी तुझा मुलगा. आई, अण्णा जाऊन किती वर्षं झाली. युअर मॅन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नळावर गर्दी होती," मी म्हणालो.

तिने मान हलवली, तांब्या घेतला, आणि वरून धार धरून प्यायली. गॉलवेची गाडी गेली होती. आम्ही घरी परतलो, आणि आज सकाळी तिने मला माझ्या नावाने हाक मारून पोह्यांत मीठ नाही म्हणून सुनावलं.

हे लिहीत असताना ती दारात येऊन गेली. कुणाला पत्र, विचारलं. कारखान्याला, म्हटलं. हे तिच्या हाती लागलं तर ती लिफाफा मागेल आणि तुमचा पत्ता विचारेल, म्हणून रात्रीच्या आत फाडून टाकतो. फक्त एक राहिलं. त्या बाकावर कुणीतरी माझी वाट बघून माझ्यावर रागावलं होतं, आणि मला बरं वाटलं. ते रागावणं तुमचं होतं, अण्णा. मी ठेवून घेतलं.