अडीच महिन्यांचा शक

क्योतो, र्याकुनिन शक, वर्ष पहिले
अकरावा महिना, दिवस २५

चि. कामेजो हिस म्योशुनताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांनी याच महिन्याच्या दहाव्या दिवशी खालचं शेत तुझ्या नावे लिहून दिलं, छान झालं. नाहीतर त्यांच्या माघारी सावत्रभाऊ सुकेमुने तुला बांधावरही उभी करणार नाही. पण अगं, कागदावर कातेई शक? अरिष्टं टळावीत म्हणून परवाच सम्राटांनी शक बदलला. आता र्याकुनिन. तुम्हा वाकासाच्या लोकांना सगळं शिळंच मिळतं! जुन्या शकाचा कागद इथे कोणी हातात धरणार नाही. नव्या शकाचा लिहून घे, लगेच. बाबांना खोकल्यावर आल्याचा काढा दे.

जीव आहे म्हणून बोलते.
म्योशुन

वाकासा, र्याकुनिन १
बारावा महिना, दिवस ९

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. खूप हसले. म्हणाले, थोरली लहानपणीही माझ्या चुका काढायची. नवं नाव चार वेळा गिरवलं, मग कागद लिहिला. दिवस मात्र दहावाच ठेवला. दिलं त्या दिवशी दिलं, त्यात फेर कशाला, म्हणाले. दोन कागद राहिले तर भांडण, म्हणून जुना शेगडीत घातला. आता थोरलीला नावं ठेवायला जागा नाही, असं पुटपुटत झोपले.

माया असू दे, रागासकट.
तुझी कामे

वाकासा, एन्ओ शक, वर्ष पहिले
सहावा महिना, दिवस १४

ती. ताईस शि. सा. न.

हाही शक नवा. तुझा र्याकुनिन अडीच महिन्यांत संपला. तोवर बाबाही गेले. काल शेताच्या दाव्याचा निकाल लागला. सुकेमुनेने एवढंच विचारलं, की र्याकुनिन तेविसाव्या दिवशी जाहीर झाला, मग दहाव्या दिवशीच्या कागदावर आला कुठून? अधिकारी म्हणाले, कागद मागाहून रचलेला, खोटा. जुना जाळून हा लिहिला, असं मी सांगितलं, तर पुरावा मागितला. मी लावलेली रोपं आता भाऊ कापणार. तुला दोष देत नाही. बाबा खोटे ठरले, ते मात्र गिळवत नाही.

कामे

क्योतो, एन्ओ १
सातवा महिना, दिवस २

चि. कामेस आशीर्वाद.

मी अधिकाऱ्यांकडे जाऊन आले. चूक माझी, म्हणून सांगितलं. सख्ख्या बहिणीची साक्ष धरत नाहीत, म्हणाले. दहाव्या दिवशीच्या कागदावर जुनाच शक असणार, एवढं मला सुचू नये! बाबांचा पहिला कागद बरोबर होता. तसं लिहायला मला एक ओळ पुरली असती.

इकडे राहायला ये. आल्यावर तो विषय काढू नकोस, असं लिहिणार होते. पण काढ. मनात असेल ते सगळं बोल. मी मधे बोलणार नाही.

म्योशुन