आजीची मुंगी

ती. आईस,

तुझ्या लेकीचा आणि नातीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. खोलीत ऊन येतं, भात नीट शिजतो. परमुलखातला हा सेवाभावी दवाखाना, इथे पगार नाही. पण पेशंटांच्या गर्दीत मागे सोडलेलं घर आठवायला सवडच मिळत नाही. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?

तुझी नात मात्र इथे आल्यापासून माझ्याशी धड बोलत नव्हती. काल तिला ओढूनच दवाखान्यात नेलं. एका पोराचा फुटलेला गुडघा धुवायचा होता, पण ते मला हात लावू देईना. ही पुढे आली आणि तुझ्यासारखीच जमिनीवर हात आपटून म्हणाली, "मुंगी मेली बघ!" पोराला मराठीतलं ओ की ठो कळलं नाही, पण मुंगी शोधता शोधता ते रडायचं विसरलं.

घरी येताना म्हणाली, "आजीला कळव, तिची मुंगी इथेही मेली."

तुझी, कितीतरी दिवसांनी आज पोटभर जेवलेली,
लेक