फासा थांबण्याआधी

१३ जानेवारी १९८५, रविवार

तीन वर्षं ही वही उघडली नाही. चुकलंच. शेवटचं पान आईच्या दफनाचं होतं, त्यापुढे काही लिहावंसं वाटेना.

मंगळवारी भावाचा, व्हर्लिनचा, फोन आला. "अर्लिस, रविवारी ये. आमच्या खेळात एक गडी कमी पडतोय." आमच्यात तीन वर्षं फक्त नाताळची कार्डं, आणि आता खेळायला ये! तरी गेले. मी राहते त्या ला क्रॉसपासून त्याचं गाव साठ मैल. मला त्याला एकच विचारायचंय – आई शेवटचा महिना तुझ्याकडे होती, तेव्हा दर रविवारी फोनवर "बरी आहे, रस्त्यावर बर्फ आहे, येऊ नकोस" असं का सांगितलंस? पोचले तेव्हा शवपेटी होती.

विचारलं नाही. त्याने हातात नियमांचं पुस्तक दिलं.

आपण एक माणूस कल्पायचा. व्हर्लिन पुठ्ठ्याच्या पडद्यामागे बसून गोष्ट चालवतो आणि शत्रूंचे वीस बाजूंचे फासे टाकतो; आकडा मोठा आला तर वार बसतो. आपल्याला फक्त फाशांचा आवाज ऐकू येतो. मी विचारलं, "मग याचे फासे तपासतं कोण?" चीजच्या कारखान्यातला डेल्बर्ट हसत सुटला. "इन्स्पेक्टरबाई, हा इथला देव! देवाची वजनं तपासत नाहीत!"

एकोणीस वर्षं दुकानांचे काटे आणि पेट्रोलचे पंप तपासतेय. विचारणारच.

२० जानेवारी

चिलखत जितकं चांगलं, तितका त्याचा आकडा कमी! असल्या उलट्या मापावर शिक्का कोणी मारला?

मी कल्पिली ती ब्रिटा. ढालवाली. जीव आठ, शून्य झाला की मेली. डेल्बर्टची बायको मार्वा म्हणाली, "फार लळा लावू नकोस. नवख्यांची माणसं तिसऱ्या रविवारी मरतात."

२७ जानेवारी

तिसरा रविवार. ब्रिटा मेली नाही! पुलावर एकटी, जीव एक उरलेला, समोर राक्षस. पडद्यामागे फासा तीनदा खडखडला. "चुकला." "चुकला." "चुकला." मी चक्क टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत खटकलं. तिसऱ्या वेळी व्हर्लिन "चुकला" म्हणाला, तेव्हा फासा अजून गडगडत होता.

२८ जानेवारी

शंका घेण्याचा मला पगार मिळतो. म्हणून भावावरही घ्यावी?

३ फेब्रुवारी

आज कान देऊन ऐकलं. डेल्बर्ट, मार्वा यांच्या वेळी तो फासा थांबू देतो, वाकून बघतो, मग बोलतो. माझ्या वेळी आधीच.

त्याचे फासे तपासायला मागितले. मार्वा "अगंबाई!" म्हणाली – इथे दुसऱ्याच्या फाशाला कोणी हात लावत नाही. त्याने मुकाट्याने दिले. खोकतो फार. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय म्हणे.

घरी दाट मिठाच्या पाण्यात फासे तरंगवून शंभरदा फिरवले. दर वेळी वेगळी बाजू वर, म्हणजे आत वजन भरलेलं नाही. फासे खरे आहेत. खोटा माणूस आहे.

१० फेब्रुवारी

सगळ्यांदेखत म्हटलं, "पडदा काढ."

"अर्लिस, तसं करत नसतात," डेल्बर्ट म्हणाला. व्हर्लिन खोकला, त्याने पडदा मिटला, उघड्यावर फासा टाकला. एकोणीस. ब्रिटा मेली.

"झालं समाधान?"

"आईच्या वेळीही पडदाच धरलास. ती मरतेय हे मला कळायला हवं होतं."

"कळलं असतं तर त्या बर्फात तू गाडी काढली असतीस. मला दोघींना गमावायचं नव्हतं."

"ते मी ठरवायचं होतं, व्हर्लिन!"

मार्वाने चीजची बशी माझ्यापुढे सरकवली. मी कोट घालून निघाले.

११ फेब्रुवारी

माझं बरोबर होतं. मग?

दुकानदाराच्या शब्दावर मी आजवर एक काटा पास केला नाही. आणि "बरी आहे" हे मात्र चार रविवार न तपासता घेतलं. ते ऐकायला बरं वाटत होतं. तेच साठ मैल, तोच बर्फ. आणि एका खेळासाठी मी पाच रविवार गेले!

१७ फेब्रुवारी

वादळामुळे आज खेळ नाही. मीच फोन केला. माफी मागायची होती, जमली नाही. "नवीन माणूस बनव," तो म्हणाला. म्हणजे पुन्हा बोलावलं.

मी म्हटलं, "तुझ्या छातीच्या फोटोचं—"

"साफ आहे. काही नाही. आणि रस्ते वाईट आहेत, इतक्यात येऊ नकोस."

माझा प्रश्न पुरा झाला नव्हता.

उद्या: रजा टाकून व्हर्लिनकडे जाणे.