माझ्या चेहऱ्याचा साचा

नाना,

परवा तुमच्या नातजावयानं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याच्यावर अशी खेकसले की लेक आतून धावत आली. माणूस बँकेत साहेब आहे, पन्नाशी गाठलेली, पण रविवार आला की टेबलावर प्लास्टिकची विमानं मांडून बसतो, तुकडे चिकटवतो आणि रंगवतो. आता त्याला ब्रशाचा कंटाळा आला आहे. रंग फवारायचं पिस्तूल घ्यायचं आहे, हवेचं यंत्र घ्यायचं आहे आणि घरातल्या घरात फवारता यावं म्हणून पंखा लावलेली पेटी घ्यायची आहे. फोनवर चित्रं दाखवत म्हणाला, "आई, रंगाची वाटी वर असलेलं बरं की खाली बाटली असलेलं? आणि पेटी आपण ओट्याशेजारी ठेवू. तिथं धूर ओढणारा पंखा आहेच." मी म्हणाले, "वाटी वर असलेलं घ्या, ते कमी हवेत चालतं. यंत्र टाकीवालंच घ्या, नाहीतर हवा धक्के देत येते आणि रंगाचे ठिपके पडतात. पेटीची नळी खिडकीबाहेर काढा, तिच्या तोंडाला जाळी बांधा. आणि स्वयंपाकघरात ती पेटी आली तर मी या घरात जेवणार नाही." लेकीनं विचारलं, "आई, तुला हे सगळं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे होतं. पुढचं काही सांगितलं नाही. पुढचं तुम्हालाच सांगायचं आहे आणि तुम्हाला जाऊन तर कितीतरी वर्षं झाली.

आपलं धुळ्याचं घर आठवतं मला, आणि आठवलं की आधी वास येतो. तुम्ही शाळेत ड्रॉइंग मास्तर होतात, धोतराची घडी मोडलेली चालायची नाही तुम्हाला. पंचवार्षिक योजनेचे दिवस होते, सरकारला जिकडेतिकडे प्रदर्शनं मांडायची हौस आली होती. आरोग्यखात्यानं तुम्हाला मॉडेलं करायला सांगितली, बाजारच्या दिवशी गावोगाव तंबू ठोकून दाखवायला. नारूचा जंत बाहेर डोकावतोय असा पाय, मांजराएवढी माशी, सडलेलं फुप्फुस. घरातला प्रत्येक कोनाडा असल्या वस्तूंनी भरला. तुम्ही मात्र खुशीत होता. नारूच्या पायावर पिवळी झाक कशी उतरली आहे हे तुम्ही आईला बोलावून दाखवायचात, तेही ती पीठ मळत असताना. आई शिंदखेड्याकडची, तुमच्यासमोर तोंड उघडायची नाही, पण मला म्हणायची, "तुना बापले सांग, घरमा एखादा वास तरी भाकरीना ऱ्हाऊ दे." मी सांगितलं नाही. तुम्हाला काही सांगायची आपल्या घरात पद्धतच नव्हती.

मग एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला पाटावर निजवलंत. शाळेच्या गॅदरिंगला देवीचा मुखवटा हवा आहे, म्हणालात. चेहऱ्याला खोबरेल लावलंत, नाकात दोन पोकळ काड्या दिल्यात आणि वरून प्लास्टर ओतलंत. मी चौदा वर्षांची होते. देवीच्या रोगानं चेहऱ्याची चाळण झालेली, त्यामुळे शाळेत पुढच्या बाकावर बसायची नाही, लग्नकार्यात फोटोवाला आला की उठून मोरीत जायची. आणि तुम्ही म्हणताय, देवीचा मुखवटा, तोही माझ्या चेहऱ्यावरून. किती आनंद झाला होता म्हणून सांगू? प्लास्टर घट्ट होत आलं तसं गरम लागायला लागलं, तरी मी हलले नाही. तुम्ही वरून म्हणत होता, "शाब्बास, अशीच रहा."

तो मुखवटा नव्हता, प्रदर्शनात मांडायचं मॉडेल होतं, हे मला रंगाच्या वेळी कळलं. ब्रशानं तुमचं काम होईना, कारण रंग खड्ड्यांत साचायचा आणि माझे वण बुजून जायचे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, बुजले. तुम्ही मात्र रंग खरवडून पुन्हा सुरुवात करायचात. मग डास मारायचा पंप आणलात. त्यानं गालावर थेंबच थेंब पडले. मग फुंकणी आणलीत, काटकोनात जोडलेल्या दोन नळ्यांची. एक नळी रंगात, दुसरी तुमच्या ओठांत. तुम्ही गाल फुगवून फुंकत होता आणि रंगाबरोबर तुमची थुंकी उडत होती, त्या प्लास्टरच्या गालांवर, ओठांवर, मिटलेल्या डोळ्यांवर. मी दारात उभी होते. माझा हात आपोआप माझ्या तोंडावरून फिरला, पुसल्यासारखा. आज हे लिहितानाही फिरला.

शेवटी मुंबईहून ते पिस्तूल आलं. चिमुकलं, वर रंगाची वाटी, आत सुईएवढं भोक. हवेचं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून तुम्ही आग्रा रोडवरच्या टायरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणलीत आणि तिला नळी जोडलीत. पायपंपानं ट्यूब फुगवायची आणि तिच्यातली हवा पिस्तुलाला पुरवायची. फुगवणार कोण? आई. लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचून ती पंपावर पाय मारतेय, हाताला पीठ तसंच, आणि तुम्ही म्हणताय, "एकसारखी हवा ठेव गं, मध्येच थांबू नकोस." जागेचाही प्रश्न होता. कापसाच्या मोसमात जिनिंगच्या गिरण्यांतली रुई धुळ्याच्या हवेत उडते, खिडकी उघडी राहिली की ओल्या रंगावर तंतू बसतात आणि कातडीवर लव उगवल्यासारखी दिसते. म्हणून दारंखिडक्या बंद, आणि धूर जायला म्हणून स्वयंपाकघर, कारण तिथं धुराडं होतं. चहाचं रिकामं खोकं आडवं ठेवून त्याला पत्र्याची नळी ठोकलीत, ती धुराड्यात सोडलीत. आईची चूल मागच्या दारी गेली. धुराड्यानं किती ओढून नेलं देव जाणे. पिठाच्या डब्याला टर्पेंटाइनचा वास, वरणावर तवंग, पाण्याच्या हंड्यावर बारीक सायीसारखा रंग. तुम्ही नाक शिंकरलंत की रुमालावर कातडीच्या रंगाचा शेंबूड यायचा. तो रुमाल मी धुवायची. जेवताना मला उमासे यायचे आणि तुम्ही म्हणायचात, नखरे पुरेत, पोटात गेलं म्हणजे सगळं एकच.

पण खरी शिसारी या कशाची नाही, नाना. रंग झाल्यावर तुम्ही पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात पाटी लिहिलीत. देवी टोचून न घेतल्याचा परिणाम. पालकहो, अडाणीपणा सोडा. आईला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय लिखेल शे?" मी वाचून दाखवलं. ती उठून मागच्या दारी गेली आणि भाकरी थापता थापता जे बोलली ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी लहान असताना देवी टोचणारा माणूस गल्लीत आला, तेव्हा तुम्ही मला कोठीत ज्वारीच्या पोत्यांमागे बसवलंत आणि त्याला सांगितलंत की घरातल्या सगळ्या मुलांना टोचून झालं आहे. माझ्या थोरल्या भावाचा दंड टोचल्यावर पिकला होता म्हणून तुम्हाला भीती वाटली होती. भीती वाटू शकते, मी समजू शकते. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मला देवी आल्या. मी वाचले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असे लोकही पुष्कळ असतात. पण पाटीवर अडाणी कोण, नाना? भाकर तव्यावर टाकत आई म्हणाली, "जेनी दपाडं, तोच आते बजारमा मांडस." ज्यानं लपवलं तोच आता बाजारात मांडतो. तिनं हे तुम्हाला कधी ऐकवलं नाही. मी ऐकवते आहे.

दोंडाईच्याच्या बाजारात तुमचा तंबू लागला तेव्हा आम्ही दोघी मामांकडे गेलो होतो. तुम्ही बजावलं होतंत की तंबूकडे फिरकायचं नाही. पण आईनंच माझा हात धरला आणि नेलं. आत लाल कापडावर मी ठेवलेली होते. बायांनी त्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं, पुढं दहीभात ठेवला होता, कारण त्यांच्या दृष्टीनं ती रोगाची पोर नव्हती, देवी आली होती. तुम्ही टर्पेंटाइनच्या बोळ्यानं ते कुंकू पुसत होता, ओठ घट्ट मिटून. एक म्हातारी हात जोडून उभी होती. तिनं त्या चेहऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा तिकडं पाहिलं. मग अगदी मायेनं म्हणाली, "मास्तर, हाई तर हाईच पोर शे. कोनी शे हो?"

कुणाची पोर, हेच ती विचारत होती. शेजारी आरोग्यखात्याचे डॉक्टरसाहेब उभे होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मला अजूनही वाटतं की त्या वेळी तुम्ही नुसतं "माझी" म्हणाला असता तर पुढचं मागचं सगळं मी गिळलं असतं. वास, थुंकी, कोठीतली पोती, सगळं. तुम्ही म्हणालात, "साचा मुंबईहून आलेला आहे, आजीबाई. ही मुलगी बाजाराला आली असेल कुणाबरोबर." आणि पुन्हा कुंकू पुसायला लागलात. आईनं माझ्या डोक्यावर पदर घातला आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर मिरच्यांचे ढीग होते, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी तुम्ही धुळ्याला परतलात ते माझ्यासाठी पावडरचा डबा घेऊन. गुलाबाच्या चित्राचा. हातात ठेवलात आणि म्हणालात, "लावत जा." एवढंच. माझ्या आयुष्यात तुम्ही मला आणून दिलेली ती एकच वस्तू, आणि तीही खड्डे बुजवायची. मी तो डबा मोरीत उपडा केला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. तुम्ही पाहिलंत. त्यानंतर आपण एकमेकांशी बोललो ते जेवायला वाढलंय, टपाल आलंय, असलंच. पुढं तुमची छाती भरली. खोकताना तुम्ही भिंतीकडं तोंड करायचात. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, पण ते आईकडं बघून. तुमची कीव करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. किळस आधी येते आणि दार अडवून बसते.

हे पत्र आता घडी करून कुठल्या तरी लुगड्याखाली जाईल. पत्ता तर नाहीच, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. लग्न होऊन जळगावला आले त्याच्या पुढच्या वर्षी ते प्रदर्शन इकडं आलं. यांना बाहेर उभं करून मी पदर पुढं ओढून आत गेले. नारूचा पाय होता, माशी होती, पण तो चेहरा नव्हता. शिपायानं सांगितलं, गाडीत फुटला, तंबूमागं टाकून दिला. मी मागं गेले. राख, पत्रावळी, फुटके कप यांच्या ढिगात बसून हातानं उकरत राहिले, बांगड्यांपर्यंत हात काळे झाले. त्या वयातला माझा एकही फोटो नाही, नाना. तेवढाच होता. मला तो घरी न्यायचा होता.