धोप्याच्या वड्या आणि अर्धी म्हण

मयूर विहार, दिल्ली
दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले

आदरणीय रमाबाई यांस,

धाकटी जाऊ कुमुदचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडे ठीक. तुम्ही वर्ध्याला ठीकच असाल, कारण नसलात तरी सांगणार नाही. गुडघ्याचं तेवढं खरं लिहा. आधीच सांगून ठेवते, हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी नाही. भाऊसाहेब गेल्यापासून त्या घरात एकट्या कशाला राहता, इकडे या, असं मी दसऱ्याला नागपुरात म्हटलं, तुम्ही "बघू" म्हणालात. संपला विषय. मी कुणाच्या पाया पडत नाही. माझी इथे फजिती झाली आहे आणि ती सांगायला या एवढ्या शहरात माणूस नाही, म्हणून लिहिते. (एसटीडीवर जावं तर समोर मशीनचे आकडे पळतात, ते बघून माणूस तब्येत विचारतो आणि फोन ठेवतो.)

आपली श्रावस्ती गुडगावला परदेशी कंपनीत लागली. तिथे काचेची इमारत आहे आणि काचेला पाठ घासत म्हशी उभ्या असतात. त्या कंपनीने कॅलेंडर दिलं, महिन्याला एका देशाची म्हण. पोरगी मला मराठी करून सांगते. जपानवाले म्हणतात, माकडसुद्धा झाडावरून पडतं. पडत असेल जपानात. आमचं इथलं पडत नाही, गच्चीवरचे पापड घेऊन जातं. चीनवाले म्हणतात, लांबच्या नातेवाइकापेक्षा जवळचा शेजारी बरा. तो चिनी माणूस कधी आमच्या खालच्या भल्लाबाईच्या शेजारी राहिला नाही, एवढंच मी म्हणेन.

तर या कॅलेंडरवरून श्रावस्तीनेच सोसायटीच्या दिवाळी मेळ्यासाठी कल्पना काढली की प्रत्येक बाईने आपल्या मुलखाचा एक पदार्थ आणावा आणि आपली एक म्हण सांगावी. बंगालीण आली, मद्राशीण आली, सगळ्यांनी गोड-गोड सांगितलं. मी धोप्याच्या पानांच्या वड्या नेल्या होत्या. (पुण्याकडे त्याला अळू म्हणतात, इथे अरबी के पत्ते. भाजीवाला मला वेडी समजतो, कंद सोडून पानं मागते म्हणून.) वड्या बघून मला म्हण तीच आठवली, खाई त्याला खवखवे. दुसरी आठवायला हवी होती, पण तुमच्या शब्दांत सांगायचं तर उचलली जीभ. मी माइक धरला आणि हिंदीत ठणकावून सांगितलं, "हमारे यहाँ बोलते हैं, जो खाएगा, उसका गला खुजलाएगा!"

बाई, सगळे हात जागच्या जागी थांबले. एकीने तोंडातली वडी रुमालात काढली. दोघी खोकायला लागल्या. (चिंच सढळ घातली होती, एकही वडी खाजरी नव्हती, शपथ घेते.) सेक्रेटरी भल्लाजींच्या गालात अख्खी वडी होती, ती ना आत जाईना ना बाहेर येईना. मी म्हटलं, "अरे खाओ, खाओ! ये खाने का नहीं है, ये चोरी का है. जिसने किया होगा, उसी को लगेगा." आता मला काय माहीत की महिनाभर सोसायटीत कुजबुज चालली होती, टाकीचं पाणी आधी भल्लाजींच्याच घरी चढतं म्हणून! सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वडी गिळली आणि लालेलाल होऊन विचारलं, "तो बहनजी, मुझे ही क्यों लग रहा है?"

रमाबाई, अशी चालून आलेली म्हण आपल्या दोघींच्या उभ्या जन्मात आली नव्हती. आणि हसणारं कुणी नाही! तुमचे दीर ताटलीत बघत बसले. श्रावस्ती म्हणाली, "मम्मी, सॉरी बोलो ना." घरी येऊन मी तिला समजावून सांगितलं, तर विचारते, "पण खवखवणं म्हणजे काय?" सांगा, काय करू या पोरीचं!

वर्ध्याला मी ताटं आपटत "नाकापेक्षा" म्हटलं की चुलीपासून तुमचं "मोती जड" यायचं. मी बोलायचे तुम्हाला, आणि तुम्ही ती म्हण फिरवून माझ्याच नाकावर मारायचात. तेव्हा मी सासूबाईंपाशी रडायचे, या बाईपासून सोडवा म्हणून. सोडवलं, आम्ही दिल्लीला आलो. आता मी "नाकापेक्षा" म्हणते आणि मिक्सर फिरतो. म्हण एकटीने पुरी म्हणायला लागलं ना, की तोंड कडू होतं. राहिलेल्या वड्या मीच ओट्यापाशी उभी राहून खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. तुम्ही तरी मीठ कमी म्हणाला असतात.

बाकी सर्व ठीक.

तुमची,
कुमुद

ता. क. भल्लाबाई बोलत नाही. शांत वाटतं.

आणखी एक. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं तुम्ही लिहाल, म्हणून आधीच लिहिते. ते पाहुण्यांचं आहे. जाऊ पाहुणी नसते, डोक्यावर बसलेली असते.

आणखी एक, शेवटचं. मागची बाल्कनी काच लावून बंद करून घेतली. घरात थंडीचं कारण सांगितलं. आत खाट टाकली आहे, बुटकी, म्हणजे उतरताना गुडघ्याला त्रास नको. सकाळचं ऊन थेट तिच्यावर येतं. गाडी कोणती ते कळवा, तुमचे दीर स्टेशनवर येतील. यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, "बघू" लिहू नका. मी तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवीन.